नितळ गालाचा नमुना

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! सामान वर चढलं, पंखा फिरतो, नळाला पाणी आहे आणि खिडकीतून अख्खा बाजाररस्ता दिसतो. माणसाला आणखी काय लागतं? ही वही ताईनं दिली आहे. रोज फोन करून माझं डोकं खातेस, त्यापेक्षा जे काय असेल ते यात ओक आणि मला रविवारी एकदाच फोन कर, असं तिनं निघताना बजावलं. थोरली बहीण आहे, बजावणं तिचा हक्कच. कुरकुर करण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे मलाही मान्य आहे.

पण आज कुरकुरीला जागाच नाही. खाली स्टुडिओ, वर आमच्या दोन खोल्या. एका बाजूला चष्म्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला सायकलवाला. मालकांना सगळा रस्ता काका म्हणतो, म्हणून मीही म्हणायला लागले. पन्नाशीचे, गोलमटोल, बोलताना सारखे हात चोळतात. पिल्लूला पाहून ते इतके खूश झाले की मलाच ओशाळल्यासारखं झालं. किती नितळ चेहरा, किती नितळ, असं आपलं म्हणतच राहिले. लहान मूल असेल तरी चालेल, असं त्यांनी जाहिरातीतच लिहिलं होतं. नाहीतर एकटी बाई आणि पदरी मूल म्हटलं की लोकांची तोंडं लगेच वाकडी होतात. पिल्लूचा बाप आता दुसऱ्या घरचा झाला आहे, त्याच्यावर इथे शाई घालवणार नाही.

काकू स्टुडिओच्या मागच्या खोलीत असतात. तब्येत बरी नसते, उजेड सोसत नाही, तेव्हा त्यांना त्रास देऊ नका, असं काका म्हणाले. बरं, नाही देत.

दिवसभर घर घासून काढलं. ओट्याच्या फटीत कुणाचं तरी कापलेलं नख निघालं, जाड आणि पिवळं. कागदानं उचललं, टाकलं, हात पुन्हा पुन्हा धुतले, तरी जेवताना घास तोंडात फिरत राहिला. पिल्लू चारच वर्षांची आहे, पण मला पुरती ओळखून आहे. आई, तू आता ओकणार का, असं तिनं वेळ विचारावी तसं विचारलं. दुसऱ्याच्या अंगची कुठलीही गोष्ट मला सहन होत नाही. साबणाला चिकटलेला केस दिसला तरी माझी अंघोळ फुकट जाते. अपवाद फक्त तिचा. तिचं शेंबडं नाक मी बोटांनी पुसते आणि पुढच्या कामाला लागते.

५ फेब्रुवारी

कामाला लागले. फोटोतले चेहरे साफ करणं हा माझा धंदा. घाण बघवत नाही म्हणून तू हे काम धरलंस, असं ताई म्हणते, आणि ते खरंच आहे.

आमच्या कामात डाग झाकत नाहीत. डागावर चांगली कातडी आणून लावतात. कपाळावर मुरूम असेल तर गालावरचा स्वच्छ तुकडा उचलायचा, मुरमावर ठेवायचा आणि कडा मिटवून टाकायच्या. सगळीकडे हा तुकडा त्याच माणसाच्या चेहऱ्यावरून घेतात. इथली पद्धत निराळी. काकांनी प्रोग्रॅम कुणाकडून तरी खास करून घेतला आहे. त्यात एक नमुना ठेवतात, म्हणजे एकाच नितळ माणसाचा फोटो, आणि येईल त्या गिऱ्हाइकाला लागेल तेवढी कातडी त्या नमुन्यातून घेतात. आपण डागावर माउस फिरवायचा, बाकीचं तो बघतो. आणि काम असं करतो की माझ्यासारख्या खवचट बाईलाही जोड सापडला नाही.

जुना नमुना खराब झाला आहे म्हणे. कसा काय, असं विचारलं तर काका हात चोळत म्हणाले की वापरून वापरून. फोटो वापरून झिजतो हे मी पहिल्यांदाच ऐकलं, पण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मालकाला हसू नये. नवा नमुना तुम्हीच निवडा, तुमची नजर चांगली आहे, असं म्हणून ते बाहेर गेले.

आधी मी माझाच फोटो घालून पाहिला. प्रोग्रॅमनं हनुवटीवर, कपाळावर, नाकाच्या कडेला लाल ठिपके दाखवले. तोंडावर अपमान. मग पिल्लूला हाक मारली, ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसलं, स्टुलावर बसवलं, दिवे लावले आणि फोटो काढला. एकही लाल ठिपका नाही. दुधाच्या सायीसारखे गाल आणि उजव्या गालावर ती खळी. घरातच असं असताना बाहेर कशाला शोधायचं, असं म्हणून तोच फोटो नमुन्याच्या जागी बसवला. काकांनी पाहिला आणि चक्क डोळे पुसले. हळवे आहेत बिचारे.

९ फेब्रुवारी

या आठवड्यात जी मंडळी आली, त्यांनी माझी परीक्षाच पाहिली.

पहिला एक ठेकेदार. त्याच्या हनुवटीवर वाटाण्याएवढी चामखीळ, आणि तिला केस. बोलताना तो ते केस दोन बोटांत धरून कुरवाळतो. मिशीला पीळ देणारे पाहिले होते, चामखिळीला पीळ देणारा पहिलाच. स्क्रीनवर ती मोठी करून बघावी लागली. केसाच्या मुळाशी पिवळट खवला, आणि त्याच्याखाली ओलसर काहीतरी. फोटोला वास येत नाही हे पक्कं माहीत असून मी नाकाला रुमाल लावला. माउस फिरवला आणि गेली.

मग बँकेतली एक मुलगी. लग्न ठरलं आहे, कपाळभर मुरूम, त्यातले निम्मे पिकलेले. दिवे लावेपर्यंत ती आमच्या आरशासमोर उभी राहून ते फोडत बसली. नंतर आरसा मी पुसला. फडकं जाळायचंच काय ते बाकी ठेवलं.

आणि एक निवृत्त मास्तर. स्वभावानं गोड माणूस, पण गालांना सैल कातडीच्या घड्या, घड्यांमध्ये वस्तरा न पोचलेले पांढरे खुंट, आणि ओठांच्या कोपऱ्यात लाळ सुकून बसलेली. घडी घडी उलगडून साफ केली. जेवणाचा डबा तसाच परत नेला.

पण खरं सांगायचं तर यात एक सुखही आहे. दिवसभर लोकांची घाण काढायची आणि संध्याकाळी वर येऊन पिल्लूच्या गालाला गाल लावून बसायचं. तेवढ्यानं सगळं अंग धुतल्यासारखं होतं. आज तिनं विचारलं, तू काढतेस ती घाण जाते कुठे? जाणार कुठे, पुसली की पुसली, असं मी सांगितलं. तिला काही ते पटलं नाही.

१७ फेब्रुवारी

ठेकेदार मोठा केक घेऊन आला. चामखीळ गळून पडली म्हणे! सकाळी उशीवर सापडली. ती त्यानं एका डबीत जपून ठेवली आहे, हेही त्यानं हौसेनं सांगितलं, त्यामुळे केक गेला कचऱ्यात. चामखिळीच्या जागी गुळगुळीत, गुलाबी, नवी कातडी आली होती. बघा तरी, असं म्हणत त्यानं माझी बोटं धरून तिच्यावर टेकवली. मला शिसारी यायला हवी होती. ती आली नाही, याचंच नवल वाटलं. बोटांना काहीतरी ओळखीचं लागलं होतं.

बँकेतल्या मुलीचं कपाळही साफ झालं आहे. इथे फोटो काढला की चेहरा खुलतो, अशी बोलवा झाली आहे आणि बाहेर बाकावर बसायला जागा नाही. काकांचं हात चोळणं थांबत नाही.

ठेकेदाराला तोच फोटो मोठा करून कचेरीत लावायचा होता. फाईल उघडली तर मी केलेलं काम तसं राहिलेलं नव्हतं. हनुवटीवरची नवी कातडी गालावर चढली होती, अर्धी मिशी तिच्याखाली गेली होती, आणि त्या राठ, रुंद, तेलकट तोंडाच्या उजव्या गालावर मधोमध खळी पडली होती. माझ्या लेकीची खळी. त्या तोंडावर. मी हे केलेलं नाही, असं काकांना सांगितलं. गिऱ्हाइकाला आवडतंय ना, मग राहू द्या, एवढंच ते म्हणाले.

ठेकेदाराला फोटो फार आवडला. काउंटरवर उभ्या उभ्या तो गालावरून हात फिरवत होता.

२२ फेब्रुवारी

पिल्लूच्या हनुवटीवर परवा एक दाणा आला होता. डास चावला असेल म्हणून सोडून दिलं. आज तो वाटाण्याएवढा झाला आहे. टणक, करडा, आणि त्यातून काळा राठ केस आला आहे.

कपाळावरही मुरूम आले आहेत. चार वर्षांच्या मुलीच्या! आज तिला दाखवलं त्या डॉक्टरीणबाई बऱ्या आहेत, त्यांनी मला घाबरवलं नाही. मुलांना चामखीळ होते, मलम देते, असं म्हणाल्या. मग त्यांनी भिंगातून पाहिलं. घरात कुणी मोठ्या माणसांचं औषध हिच्या हाती लागू दिलंय का, असं मलाच विचारलं. एक मुरूम त्यांनी दाबला. त्यातून पांढरी अळीसारखी लांब वळी निघाली, निघतच राहिली, आणि खोलीभर आंबट वास पसरला. पिल्लू रडली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी तोंड फिरवलं. आजवर तिच्यापासून कधी फिरवलं नव्हतं. घरी येताना तिचा हात धरला होता, पण घट्ट नव्हता धरला.

२५ फेब्रुवारी

आज नमुना उघडला. इतके दिवस उघडायचं कारणच पडलं नव्हतं, कारण प्रोग्रॅम त्याचं त्याचं घेत असतो.

फोटो तोच, स्टूल तेच, फ्रॉक तोच, डोळे तिचेच. बाकी चेहरा राहिलेला नाही. हनुवटीवर ठेकेदाराची चामखीळ, तिच्यावर आणखी कुणाची तरी. कपाळ मुरमांनी भरलेलं, काही फुटून वाहणारे. गालांची कातडी सुटून मास्तरांसारखी घड्याघड्यांनी लोंबते आहे, घड्यांत पांढरे खुंट आहेत, आणि ओठांच्या कोपऱ्यात ती सुकलेली लाळ. मी पुसलेलं सगळं. एकूण एक. मला प्रत्येक डाग कुणाचा ते सांगता येतं.

काकांना बोलावून दाखवलं. स्क्रीन जुनी झाली असेल, असं म्हणाले. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. मी नमुना तिथून काढला आणि आजपासून एकाही चेहऱ्याला हात लावणार नाही, असं सांगितलं. जाताना ते फक्त म्हणाले, हात लावला काय नि नाही काय.

घड्या, खुंट आणि लाळ पिल्लूच्या अंगावर अजून आलेली नाहीत. अजून.

१ मार्च

हात न लावताही होतंच आहे. मी रोज बघते. आधी फोटो बदलतो आणि दोन-चार दिवसांनी माणूस.

सगळ्या गिऱ्हाइकांच्या फाईली उघडल्या. नितळ कातडी जिथे लावली तिथे थांबलेली नाही. मास्तरांच्या म्हाताऱ्या डोळ्यांभोवती चार वर्षांच्या पोरीचे गाल आहेत, ताणून बसवलेले, आणि ते डोळे त्यातून बाहेर बघतात. नाकपुड्या बुजत आल्या आहेत. बँकेतल्या मुलीचं कपाळ खाली उतरून भुवयांवरून पापण्यांपर्यंत आलं आहे. ठेकेदाराला तोंड म्हणून आता फक्त एक चीर आहे, आणि तिच्या शेजारी खळी. मला कचऱ्याच्या डब्यात ओकावं लागलं.

तो ठेकेदार दुपारी रस्त्यावरून गेला. एवढ्या उन्हात त्यानं तोंडाला रुमाल गुंडाळला होता. त्यांना जेवढी कातडी मिळते तेवढी माझ्या लेकीची जाते, आणि तिच्या जागी त्यांची घाण येते. प्रोग्रॅम नुसता पुसत नाही. तो अदलाबदल करतो.

४ मार्च

खुंट आले. गाल सैल झाले. तिच्या तोंडाला आता म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाचा वास येतो, रात्रभर ग्लासात ठेवलेल्या कवळीचा.

हे लिहायला हात धजत नाही, पण दुसरीकडे कुठे लिहू? मला तिची किळस येते. माझ्या पोटच्या पोरीची. सकाळी ती झोपेतून उठून नेहमीसारखी माझ्या कुशीत शिरायला आली आणि मी मध्ये उशी घेतली. विचार करून नाही घेतली, हातच तसा गेला. तिला कळलं. ती उशीच्या पलीकडे शहाण्या मुलीसारखी पडून राहिली, आणि थोड्या वेळानं म्हणाली, मी तोंड धुऊन येऊ का?

मी हो म्हणाले. ती गेली, स्टुलावर चढून साबण लावून बराच वेळ तोंड धूत राहिली. मी जन्मात स्वतःला क्षमा करणार नाही.

६ मार्च

काका प्रिंट पोचवायला गेले होते. मी मागच्या खोलीचं दार ढकललं.

आत पडदे लावलेले, आणि वास असा की दारातच उंबरठ्यावर हात टेकून बसले. काकू खुर्चीत बसल्या होत्या. चेहरा म्हणावा असं काही नव्हतं. चामखिळींवर चामखिळी, त्यांच्यामधल्या भेगांतून पू, कुणाचे कुठले केस, कुणाचे ओठ फुटलेले, सगळं एकमेकांवर चढून बसलेलं. डावा कान आणि डावा गाल नव्हताच. जखमही नव्हती. कात्रीनं कागद कापावा तशी चेहऱ्याची बाजू सरळ संपली होती.

आवाज मात्र चांगला होता, मऊ, शिकलेल्या बाईचा. जुना नमुना त्याच. काकांनी त्यांचा लग्नातला फोटो घातला होता, सगळ्यांत नितळ म्हणून, माझ्यासारखाच अभिमानानं. तो बिघडत गेला तेव्हा घाबरून त्यांनी खराब झालेली बाजू फोटोतून कापून टाकली. जेवढी कापली तेवढ्या काकू गेल्या.

"फोटो पुसू नकोस," त्या म्हणाल्या. "पुसलास तर मुलगी पुसली जाईल. दूरही नेऊ नकोस तिला. फोटो इथेच राहणार, आणि तो वाढतोच."

मग करू काय, असं मी विचारलं.

"दुसरा नमुना घातला की पहिल्याला साफ करता येतं. तुला मुलीसकट का बोलावलं असेल?"

म्हणजे काकांना पिल्लूची कातडी काकूंना लावायची होती. मग अजून लावली का नाही, असं मी विचारलं.

"मीच नको म्हणते. म्हणते आहे तोवर."

७ मार्च

ताईला फोन केला. सगळं सोडून आत्ताच्या आत्ता निघून ये, असं ती ओरडली. तिला काय सांगू. पिल्लूला घेऊन जगाच्या टोकाला गेले तरी फोटो इथे कॉम्प्युटरमध्ये. आज त्यात तिचं तोंड एका बाजूला ओघळायला लागलं आहे. म्हणजे परवा.

नवा नमुना पाहिजे. जवळच्या शाळेचे फोटो आमच्याकडेच आहेत, रांगेत बसलेली मुलं, सगळी नितळ. त्यातला एक फोटो मी उघडला. पहिल्या रांगेतल्या एका मुलीच्या गालावर माउस नेला. खोटं कशाला लिहू, बोट टेकलं होतं. तिच्या फ्रॉकची वरची गुंडी भलत्याच काजात लावली होती. सकाळी घाईत आईनं लावली असणार.

फाईल बंद केली.

८ मार्च

माझाच फोटो घातला. हनुवटीवर, कपाळावर तेच लाल ठिपके. पण त्यांच्यामधली जागा बरी आहे. पुरेल.

पिल्लूचा फोटो उघडला आणि माउस फिरवला. एक घडी, दुसरी घडी. चामखीळ. लाळ. सगळं. नाकाला रुमाल लावला नाही.

काका मागे येऊन उभे होते. केव्हापासून कोण जाणे.

११ मार्च

उशीवर चामखीळ पडली होती. मी नुसत्या हातानं उचलली. मला काही वाटलं नाही, उलट नाचावंसं वाटलं.

पिल्लूचे गाल आले. अगदी पहिल्यासारखे नाहीत, डोळ्यांच्या कडेला माझ्या बारीक रेषा आहेत. चालेल. मी तिला इतकी घट्ट धरली की ती ओरडली. मग तिनं माझ्या हनुवटीला बोट लावलं आणि पटकन काढून घेतलं.

१३ मार्च

माझ्यावर सगळ्यांचं आलं आहे. ठेकेदार, मास्तर, ती मुलगी, ज्यांची तोंडंही आठवत नाहीत ते. गालाची घडी उचलून खाली पुसावं लागतं. तोंडात सारखी दुसऱ्याच कुणाची तरी चव — कवळीची — पाणी प्यायलं तरी जात नाही. आरशावर चादर टाकली आहे. अंघोळ करताना डोळे मिटते. माझं अंग मला दुसऱ्याचं लागतं आणि त्यातून उठून कुठे जाता येत नाही.

पिल्लू जवळ येत नाही. मी तिला बोल कशी लावू? दारातूनच विचारते, आई, तू आहेस ना आत? मी हो म्हणते. पण आवाजही —

तिला काहीतरी खायला द्यायला हवं. माझ्या हातचं खात नाही.

१५ मार्च

काकांनी परवाच काकूंचा फोटो साफ केला, आज फाईल पाहिली तेव्हा कळलं. माझ्यावरून. विचारलंसुद्धा नाही. नमुना आयताच मिळाला होता — पोर नाही, मोठी बाई, आपखुशीनं बसलेली. काकू नको म्हणाल्या का? म्हणाल्या असतील. की नसतील म्हणाल्या.

आता त्यांचंही सगळं इकडे. इतक्या वर्षांचं. नाक दोन्ही बाजूंनी भरलं आहे. पू गिळला जातो — थुंकायला ओठ नीट —

सकाळपासून डाव्या कानाला काही ऐकू येत नाही. हात लावला. तिथे

नाही. कानच नाही.

१६ मार्च

काका माझ्या दारात पाव ठेवून गेले. नाक दाबून. माफ करा म्हणाले. हात चोळत होते.

पिल्लू खाली आहे. हसण्याचा आवाज येतो. कुणाशी —

१७ मार्च

जिन्यावर बसून पाहिलं. ऊन होतं. मागच्या खोलीचे पडदे उघडे, खिडक्या उघड्या.

काकू खुर्चीत. माझा चेहरा. सगळा — कपाळ, गाल, डावा कान, माझ्या हनुवटीवरचा बारीक खड्डासुद्धा. माझा पूर्वीचा. पिल्लू मांडीवर. त्या तिला दूध पाजत होत्या आणि ती पीत होती.

मला पाहून काकू दचकल्या. रडायला लागल्या. माझ्याच डोळ्यांच्या कडांनी.

"राहू दे थोडा वेळ माझ्याजवळ," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत मला कुणी हात लावला नाही गं."

पिल्लूनं वळून पाहिलं. मी ओळखीचं हसायला गेले. तिनं तोंड फिरवलं — मी फिरवलं होतं तसं — आणि त्या गालाला गाल लावला. गच्च.

"आई, ती बाई कोण आहे?" तिनं त्यांना विचारलं. "तिला जायला सांग ना."

मी हाक मारली. मारायला गेले. पण तोंड —